चौदा नंबरची अळणी खीर

सिनेमातली भुतं कुशाबा राण्याला कधीच पटली नाहीत. भुतांपेक्षाही त्याला पटत नसत ती सिनेमातली जिवंत माणसं!

कुशाबा परळच्या एका गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा. दर रविवारी लालबागला मॅटिनी बघायची आणि पुढचा आठवडाभर, पहिली पाळी सुटली की नाक्यावरच्या हॉटेलात बसून त्या सिनेमाची चिरफाड करायची, हा त्याचा नेम. समोर ऐकायला दगडू. दगडू त्याच्याच खात्यातला, स्वभावाने इतका सोशीक की एकच सिनेमा कुशाबाच्या तोंडून सहा दिवस ऐकायचा आणि सातव्या दिवशी कुशाबाबरोबर नवा बघायला जायचा.

छप्पन सालच्या मार्चात त्या दोघांनी एक भुताचा सिनेमा पाहिला. त्यात एक मोठी हवेली होती. हवेलीत एक बंद खोली होती. आणि नायिका रोज चांदीच्या वाटीत खीर घेऊन त्या खोलीकडे जायची. नवरा खांबाआड उभा राहून घाम पुसत बघायचा.

"अरे, खांबाआड कशाला उभा राहतोस?" कुशाबाने टेबलावर मूठ आपटली. दगडूच्या बशीतला चहा उडाला. "नवरा आहेस ना तिचा? पुढे हो, विचार! 'काय गं, खीर कोणाला?' एवढं विचारलं असतं तर सिनेमा मध्यंतराआधी संपला असता!"

"मग मध्यंतरानंतर काय दाखवणार?" दगडू म्हणाला.

"आणि आवाज आला की हे लोक आवाजाकडे का जातात रे? शहाण्या माणसाने उलट दिशेने चालू पडावं! मी असतो तर..."

कुशाबा असता तर काय झालं असतं, हे सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी दगडूने ऐकलं. गुरुवारी दगडूची दाढ ठणकू लागली. दाढ खरी ठणकत होती की नाही, ते दगडूलाच ठाऊक. पण ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर कुशाबा सहाच्या ऐवजी चारलाच घरी आला. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला!

घरात त्याची बायको गंगुबाई स्टोव्हवर मोठं पातेलं ठेवून काहीतरी घोटत होती. पांढरं, दाट, बुडबुडे येणारं. कुशाबाला दारात बघून ती दचकलीच.

"अगंबाई! तुम्ही? एवढ्यात?"

"काय गं, हे काय शिजवतेस?"

"हे? ही... खीर!"

"खीर? आज काय सण आहे?"

"सण कशाला पाहिजे? वाटलं, केली." तिने घाईघाईने पातेल्यावर ताट ठेवलं, पदराने ते उचललं आणि म्हणाली, "तुम्ही थकला असाल. पडा जरा. आलेच मी."

आणि नवऱ्याला चमचाभरही न देता ती खीर घेऊन बाहेर गेली!

कुशाबाला राहवेना. उलथन्याला चिकटलेली खीर त्याने बोटाने पुसून जिभेवर ठेवली. साखर नाही. मीठ नाही. वेलची तर नाहीच नाही. जीभ टाळूला जी चिकटली ती सोडवायला तांब्याभर पाणी लागलं! आणि पाणी पिता पिता त्याच्या अंगावर काटा आला. गावाकडे त्याची आजी सांगायची, मीठ नसलेलं जेवण फक्त भुतं मागतात.

त्याने दाराच्या फटीतून पाहिलं. गंगुबाई गॅलरीच्या टोकाला चौदा नंबरच्या खोलीकडे चालली होती. ती खोली राधाबाईची. राधाबाई पौषात वारली, मुलगा कुलूप लावून गावी गेला आणि किल्ली शेजारच्या सुभद्रेकडे ठेवून गेला. कोणी तिकडे फिरकतसुद्धा नसे.

आता कुशाबाने काय करायचं होतं? पुढे व्हायचं होतं, विचारायचं होतं! त्याने काय केलं? तो गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपाआड जाऊन बसला.

गंगुबाईने दारावर तीनदा टकटक केली. दार आपोआप उघडलं. आतून एक हात बाहेर आला. पांढराफेक! कोपरापर्यंत! त्या हाताने पातेलं घेतलं, गंगुबाई आत गेली आणि दार लागलं.

कुशाबा पिंपाला आणखी घट्ट चिकटला. एवढ्यात सुभद्रा कळशी घेऊन पिंपापाशी आली.

"भावोजी! पिंपामागे काय करताय?"

"हात!" कुशाबा कुजबुजला. "चौदा नंबरमधून! पांढरा!"

सुभद्रेने कळशी खाली ठेवली. क्षणभर तिने चौदा नंबरकडे पाहिलं, क्षणभर कुशाबाकडे. मग छातीला हात लावून म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही दिसला?"

"म्हणजे? तुम्हालाही?"

"सगळ्या बायकांना ठाऊक आहे, भावोजी. राधाबाई आहे ती. जीव अडकलाय बिचारीचा. बोलू नका हं कुठे!"

तेवढ्यात चौदा नंबरमधून कोणीतरी खोकलं. चांगलं खणखणीत, मिशीवाल्या माणसासारखं.

"हा राधाबाईचा खोकला?" कुशाबाने विचारलं.

"मेल्यावर आवाज बसतो," सुभद्रा म्हणाली आणि कळशी न भरताच गेली.

खरं सांगायचं तर राधाबाई सुखाने गेली होती. आत होते राजाराम मास्तर. भोईवाड्यातल्या रात्रशाळेत शिकवायचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत बोलायला उभे राहिले की मैदान दणाणून जायचं. त्यांच्या नावाचं पकड वॉरंट निघालं होतं. चाळीतल्या बायकांनी त्यांना पाच दिवस तिथे लपवलं होतं. शनिवारच्या मोर्चासाठी ते काळ्या कापडावर सफेद्याने अक्षरं रंगवत होते आणि पत्रकं चिकटवायला गंगुबाई त्यांना मैद्याची खळ शिजवून देत होती. पुरुषांपैकी दोघातिघांना हे माहीत होतं. कुशाबाला सांगायचं नाही, असं बायकांच्या बैठकीत एकमताने ठरलं होतं. ठराव मांडला होता खुद्द गंगुबाईने!

कुशाबा अजून पिंपाआडच होता, तेव्हा जिन्यावर बूट वाजले. हवालदार लवू परब वर येत होता, बरोबर एक शिपाई. शिपायाला जिन्यात उभं करून हवालदार एकेक खोली उघडून बघू लागला. दहा. अकरा. बारा. तेरा. गंगुबाई चौदातून बाहेर आली ती नेमकी त्याच्या समोर. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मागे कडीला कुलूप उघडंच लोंबत होतं.

"ही खोली कोणाची?" हवालदाराने विचारलं.

गंगुबाईने हात मागे नेऊन दार ओढून घेतलं. सुभद्रा आपल्या दारात दगडासारखी उभी. आणि तेवढ्यात पिंपाआडून कुशाबा सरपटत पुढे आला आणि त्याने हवालदाराचे पायच धरले!

"साहेब, नका उघडू! आत राधाबाई आहे!"

"मग बोलवा तिला भायेर."

"ती पौषात वारली!"

हवालदार हसला. पण मोठ्याने नाही. तो कणकवलीकडचा. "मेलेली बाई खोलीत कशी ऱ्हवात, रे?"

"माझ्या डोळ्यांनी हात बघितला! चुन्यासारखा पांढरा! माझी बायको तिला खीर नेते, साहेब. अळणी!"

हवालदाराचं हसू मावळलं. "अळणी?"

"मीठ नाही, साखर नाही. मी चाखली ना!"

"तू चाखलंस?" हवालदार दोन पावलं मागे सरकला, आधी खोलीपासून आणि मग कुशाबापासून.

पण नोकरी ती नोकरी! त्याने काठीच्या टोकाने दार ढकललं. आत, कापडांच्या ढिगाऱ्यातून राजाराम मास्तर उठून उभे राहिले. सफेद्याने हात पांढरे, कपाळ पांढरं, मिशाही पांढऱ्या, आणि छातीवर खळीने चिकटलेलं एक पत्रक फडफडत होतं.

कुशाबाने अशी किंकाळी फोडली की समोरच्या चाळीतली कबुतरं उडाली! मग तो डोळे फिरवून आडवा झाला, थेट हवालदाराच्या बुटांवर.

हवालदार मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर हवालदाराकडे. छातीवरच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हवालदाराने सावकाश, ओठ हलवत वाचलं. वाचता येण्याइतकी शाळा त्याची झाली होती.

जिन्यातून शिपाई ओरडला, "हवालदारसाहेब, काय झालं? येऊ का?"

"नको!" हवालदाराने दार ओढून घेतलं. "रिकामी खोली आसा! एका गड्याक फेफरं इलां, बाकी काय नाय!"

मग कुशाबाच्या खालून आपले पाय हळूच सोडवत तो गंगुबाईला हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, माका काय दिसूक नाय. पण तुमच्या भुताक सांगा, उद्या सकाळी दुसरी पार्टी येतली. तेंचो सायब भुताखेतांक भिणारो नाय."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

संध्याकाळी रेल्वेच्या कारखान्याची पाळी सुटली आणि रस्ता कामगारांनी भरून गेला. तोंड धुतलेले मास्तर, कुशाबाचीच टोपी घालून त्या गर्दीत मिसळून निघून गेले. शनिवारी मोर्चात काळ्या कापडावरची पांढरी अक्षरं दिमाखात झळकली.

कुशाबाला हे सारं दोन दिवसांनी कळलं. आधी तो रागावला. मग त्याच्या लक्षात आलं, की चाळीत सगळे त्याच्याकडे काही वेगळ्याच नजरेने बघतायत.

"काय ते नाटक वठवलंत, कुशाबा! हवालदाराला अस्सा गुंडाळला!"

"ते पडणं तर काय सांगू! हुबेहूब!"

कुशाबाने पहिल्या दिवशी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "प्रसंगच तसा होता." तिसऱ्या दिवशी तो आपण कसं आधीच सगळं ओळखलं होतं आणि किंकाळी नेमकी कुठल्या क्षणी फोडायची ठरवलं होतं, हे दगडूला सांगू लागला. दगडूची दाढ पुन्हा ठणकू लागली. बेशुद्ध कुशाबाचे दात उलथन्याने उघडून पाणी पाजलं होतं ते मात्र गंगुबाईने, म्हणून ते पडणं किती खरं होतं हे तिला ठाऊक होतं. त्याची बढाई सुरू झाली की ती तेच उलथनं घासायला घ्यायची.

पुढल्या आठवड्यात चाळीच्या नाटक मंडळाचे लोक घरी आले. मंडळाच्या खेळात कुशाबाने काम करायलाच पाहिजे, असा आग्रह धरून गेले. कुशाबा छाती फुगवून आत आला.

"ऐकलंस ना? पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत रंगमंचावर आहे मी!"

"भाषणं किती आहेत?" गंगुबाईने विचारलं.

कुशाबाने नवी टोपी काढून खुंटीला लावली, बराच वेळ नीट करत राहिला.

"प्रेताला भाषणं नसतात," तो म्हणाला.

"वा!" गंगुबाई म्हणाली. "मग मी बघायला येणार!"