हिरव्या दिव्याचं घर

घर आजारी पडण्याचं मुख्य कारण म्हणजे त्यात राहणारी माणसं, ही गोष्ट आता तज्ज्ञांमध्ये वादाची राहिलेली नाही. माणूस घरात शिरला की श्वास सोडतो. श्वासात वाफ असते. वाफ भिंतीवर बसते, तिथे बुरशी धरते, बुरशीचा वास जावा म्हणून माणूस खिडकी उघडतो, खिडकीतून विकतची ऊब बाहेर जाते आणि त्याच खिडकीतून एक दिवस वादळ आत येतं. म्हणजे मुळाशी जाऊन पाहिलं तर वादळाने होणाऱ्या नुकसानीला श्वासोच्छ्वास जबाबदार आहे. (श्वासोच्छ्वासाने अद्याप आपली बाजू मांडलेली नाही.)

हे ध्यानात घेऊन गृहस्वास्थ्य, ऊर्जाबचत व वादळसज्जता खात्याने घरोघरी एक पांढरी पेटी बसवली. पेटीला तीन दिवे. घर निरोगी असेल तर हिरवा, कुरकुरत असेल तर पिवळा, आणि अंथरुणाला खिळलं असेल तर लाल. पेटीला ओल कळते, कोंदट हवा कळते, वाया जाणारी ऊब कळते. माणूस कळत नाही. खात्याच्या मते तिच्या निःपक्षपातीपणाचा हा सर्वांत मोठा पुरावा होय. मोसमातलं मोठं वादळ होऊन गेलं की तपासनीस येणार आणि ज्या घराचा दिवा वादळातही हिरवा राहिला, त्याच्या दारावर पितळी पाटी लावणार.

आता अशी पाटी गल्लीत कोणाला हवी असेल, तर ती मिलीमीटरला. तो नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होता. दुसऱ्याच्या घरी गेला तर आधी भिंतीवरचं चित्र सरळ करायचा आणि मग "कसं काय" विचारायचा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, पण तीही रागावल्याशिवाय ते वापरत नसे.

पेटी बसली त्या दिवशी बायकोने भाजीवरचं झाकण काढलं आणि दिवा पिवळा झाला. मिलीमीटरने वही काढली. मग त्याने घराच्या दुखण्याचा रीतसर अभ्यास केला. निष्कर्ष असे: उकळतं पाणी, पिवळा. गरम पाण्याची आंघोळ, लाल. गरम पाण्याची आंघोळ गाण्यासकट, लाल आणि वर बारीक शिट्टी. लेक एकटी, हिरवा. लेक मैत्रिणींसह, लाल. आई झोपलेली असताना पिवळा आणि जागी असताना लाल, कारण जागी असली की ती बोलते.

उपाय ओघानेच आले. स्वयंपाक मागच्या पडवीत गेला. कपडे गच्चीवर गेले. भांडणं पुढच्या पायऱ्यांवर करावीत असं ठरलं. (याने भांडणं कमी झाली नाहीत, पण त्यांना श्रोते मिळाले.) दारंखिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसल्या. आईच्या उशाशी एक खिडकी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून आई ती बोटभर उघडी ठेवून झोपायची. तिच्यातही पट्टी बसली.

"अरे बाळा," आई म्हणाली, "घराला थंडी वाजू नये म्हणून मला गुदमरवतोस होय?"

"तसं नाही गं आई. तू फक्त जरा हळू श्वास घे."

"वयोमानाने तेच करतेय. थोडी कळ काढ, पुढे तोही त्रास राहायचा नाही."

बायको काही बोलली नाही. ती बोलत नसली की पूर्वी मिलीमीटर घाबरायचा. आता दिवा हिरवा राहतो म्हणून त्याला बरं वाटू लागलं होतं.

शेजारी शिवणवाल्या मावशींचं घर होतं. त्या घराबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. खिडक्या खुळखुळत, दार पाय लावल्याशिवाय मिटत नसे आणि कपडे शिवायला टाकायला आलेली बाई चहा घेतल्याशिवाय जात नसे. तिथे पेटी बसवताच तिचे तिन्ही दिवे एकदम लागले आणि मग कायमचे विझले. खात्याने त्या घरापुढे 'उपचारापलीकडे' असा शेरा मारला. मावशींनी पेटीवर माप घ्यायची टेप अडकवून ठेवली.

आणि मग एका दुपारी वादळाचा इशारा झाला. शाळा सुटली, कचेऱ्या सुटल्या, आणि मिलीमीटरचं सगळं घर घरात जमलं. चार माणसं, आठ नाकपुड्या, मिटलेल्या खिडक्या. दिवा लालभडक झाला.

मिलीमीटरने खात्याचं सूचनापत्रक पुन्हा वाचलं. त्यात छप्पर होतं, पन्हळ होती, पाण्याची टाकी होती, कुंड्या आत घेण्याबद्दल सविस्तर मजकूर होता. माणसांबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हणजे जे काही करायचं ते आपल्यालाच करायला हवं, हे त्याच्या लक्षात आलं.

"तुम्ही तिघी जरा मावशींकडे जाऊन बसता का?" तो बायकोला म्हणाला.

"अहो, वादळ येतंय."

"म्हणूनच म्हणतोय. घर वादळासाठी सज्ज ठेवायला हवं ना."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग सासूच्या अंगावर पांघरूण टाकलं, लेकीचा हात धरला आणि उंबऱ्याशी वळून म्हणाली, "घर पास झालं की कळवा."

त्या गेल्या. लालाचा पिवळा झाला आणि तिथेच अडला. मिलीमीटरने सगळीकडे शोधलं, पण घरात आता दोषी असं काहीच उरलं नव्हतं. तो श्वास रोखून उभा राहिला. दिवा हिरवा झाला. त्याने श्वास सोडला. दिवा पिवळा झाला. माणूस तर्काला पक्का होता, त्यामुळे पुढचं त्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने चपला घातल्या, बाहेर आला आणि दाराला कडी घातली.

वादळ आलं ते वेळेवर आलं. दारावरचा छज्जा मिलीमीटरने महिनाभरापूर्वीच कापून घेतला होता, कारण पुढे आलेली वस्तू वारा धरते. त्यामुळे तो पहिल्या सरीतच नखशिखांत भिजला. खिडकीच्या काचेतून त्याने आत डोकावलं. कोरडी जमीन, सरळ चित्रं आणि स्थिर हिरवा दिवा. असं घर त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात शेजारून हसणं ऐकू आलं. आई काहीतरी सांगत होती आणि बायको हसत होती. पोट धरून हसत होती. हे हसणं आपण शेवटचं कधी ऐकलं, ते त्याला आठवेना. त्याला रडू आलं. (पाऊस चालू असल्यामुळे याची नोंद झाली नाही.)

मावशींनी दार उघडून हाक मारली, "अहो मिलीमीटर, आत या. का वादळाला तुमची सोबत हवीय?"

आत तीन ठिकाणी गळत होतं आणि तीन ठिकाणी पातेली होती. आई न मिटणाऱ्या खिडकीशी बसली होती आणि वारा खात होती. कोणीतरी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला, कोणीतरी सरकून जागा केली. त्या उपचारापलीकडच्या घरात तो वादळ संपेपर्यंत बसला आणि त्याला एकदाही चित्र सरळ करावंसं वाटलं नाही.

सकाळी तपासनीस आला. त्याने पेटी पाहिली, भिंतीला कान लावला, जमिनीवरून बोट फिरवलं. सगळे गुण दिले.

"घरात राहतं कोण?" त्याने विचारलं.

"सध्या कोणी नाही," मिलीमीटर म्हणाला.

"उत्तम. हीच सवय ठेवा. दिवा बदलला की पाटी परत न्यावी लागते."

पाटी लागली. उन्हात झळकली. बायको, आई आणि लेक फाटकाशी येऊन उभ्या होत्या. पांघरुणाची घडी बायकोच्या हातावर होती.

"मग," तिने विचारलं, "यायचं का आत?"

मिलीमीटरने तिच्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. खरं तर त्याच्या ओठांवर "या" असंच आलं होतं.

"चार दिवस थांबता का?" तो म्हणाला. "नवी आहे ना."

"चल गं," आई सुनेला म्हणाली, "मावशींनी चहा टाकलाय." आणि त्या वळल्या.

आजही त्या तिघी मावशींकडेच आहेत. मिलीमीटरही जेवायला, झोपायला तिथेच असतो. संध्याकाळी येऊन पाटी पुसतो आणि काचेतून घर बघतो. घराची प्रकृती ठणठणीत आहे.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. तो माणूस वेडाच म्हणायचा. आता एक करा. तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढा. काचेच्या कपाटातले ते सोनेरी काठाचे कप खाली घ्या आणि त्यातून आज, काही कारण नसताना, घरातल्याच माणसाला चहा द्या. काय म्हणता? पाहुण्यांसाठी ठेवलेत? लेकरं फोडतील? बरोबर आहे तुमचं. मग खात्याला तुमचा पत्ता कळवून टाकतो. पेटी बसवायला माणूस येईल. तुम्ही घरी नसलात तरी चालेल.