डाबऱ्यांचं पिंप

डाबरे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी आमच्या फ्रिजवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "फा. जरा उतरलाय, पण फा." डो-रे-मी-फा मधला हा फा, हे मला नंतर कळलं. मग एक टिचकी गॅसच्या सिलिंडरला, एक खिडकीतल्या एसीला. शेवटी ओट्यावरचा माझा पुण्याहून आणलेला कुकर त्यांनी उचलला, बोटावर तोलून धरला आणि वाजवला. "ला. वहिनी, एकदम खरा ला. सांभाळा याला." नवीन शेजारी म्हणून चहाला बोलावलेला माणूस स्वयंपाकघरात शिरून भांडी वाजवायला लागला तर कुठल्या बाईला आवडेल? मला नाही आवडलं. तसं मी ह्यांना त्याच दिवशी सांगितलंही.

ही दुबईतल्या करामामधली नव्वदच्या दशकातली गोष्ट. इनास डाबरे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. मूळचे वसईचे, पन्नाशीला आलेले, लग्न न केलेले. देऱ्याच्या एका हॉटेलात लाँड्री मॅनेजर होते. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी कॅरिबियन बेटांमध्ये फिरणाऱ्या प्रवासी बोटीवर चादरी धुतल्या होत्या. बोट सुटली, पण बेटं काही सुटली नाहीत. अंगात कायम मोठमोठ्या फुलांचा शर्ट, त्यावर अशी कडक इस्त्री की फुलंसुद्धा सावधानमध्ये उभी. आणि दर दोन वाक्यांनंतर तिसरं ठरलेलं, "बेटावर असं नसतं."

दुकानदाराने शिळी भाजी दिली, बेटावर असं नसतं. लिफ्ट बंद पडली, बेटावर असं नसतं. मी एकदा विचारलं, तुमच्या बेटावर लिफ्ट होती का? म्हणाले, "नाही. म्हणून तर बंद पडत नव्हती."

बेटांवरच्या मोठ्या माणसांच्या गोष्टी ते अशा सांगायचे की ती माणसं आपल्या चुलत्यामामांपैकीच वाटावीत. एका वर्षी घरमालकाने भाडं वाढवलं आणि सगळी बिल्डिंग हवालदिल झाली. डाबरे म्हणाले, "अहो, हैतीत एक गाडीवान होता. साखरेच्या मळ्यावरचा, जन्माने गुलाम. त्याने गुलामांची फौज उभी केली. त्याच्या लोकांनी पुढे फ्रान्सच्या बादशहाच्या पलटणीला पळता भुई थोडी केली आणि स्वतःचं राज्य काढलं. आणि आपल्याला एक घरमालक आवरत नाही?" मग इस्त्रीचा शर्ट घालून मालकाकडे गेले. भाडं व्हायचं तेवढं वाढलंच. डाबरे मात्र छाती काढून परत आले. "वाढलं. पण मान खाली घालून नाही वाढलं."

माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या तेव्हा डाबऱ्यांनी त्यांना जमैकाच्या डोंगरातल्या बाईची गोष्ट सांगितली. मळ्यांतून पळालेल्या गुलामांना तिने डोंगरात वसवलं आणि गोऱ्या पलटणीला कडेकपारीत फिरवून फिरवून दमवलं. सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांनी पदर सावरून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आपल्यातलीच असणार कुणीतरी." आमच्या मुक्ताने विचारलं, "अंकल, व्हॉट वॉज हर नेम?" डाबरे म्हणाले, "घरातल्या माणसांना कोणी नावाआडनावाने हाक मारतं का, बाळा?" मला वाटतं, त्यांना नावं नीटशी येत नसावीत.

शारजाला भारत आणि वेस्ट इंडीजची मॅच असली की आमचे हे आणि डाबरे एकत्र जायचे आणि डाबरे दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायचे. त्यामुळे मार खाता खाता वाचायचे. "वसई तालुक्याएवढं ते सेंट लुशिया," ते मला सांगायचे, "आणि दोन नोबेल. आमच्याकडे एक मामलेदार झाला तर आहेर गोळा करतात." पण त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट त्रिनिदादच्या पिंपाची. ती आमच्या सोफ्याला पाठ झाली होती. "गोऱ्या सरकारने ढोल बंद केले. लोक बांबू आपटून वाजवायला लागले. बांबूही बंद केले. मग बिस्किटांचे डबे आणले, ते पुरेनात तेव्हा तेलाची रिकामी पिंपं घेतली, बूड ठोकून ठोकून परातीसारखं खोल केलं, त्यात एकेक सूर बसवला. त्याला पॅन म्हणतात. वहिनी, कचऱ्यातून वाद्य. काय काय बंद करणार तुम्ही?"

मी म्हटलं, मी काहीही बंद केलेलं नाही. पण तीही पाळी आली.

एका शुक्रवारी सकाळी समोरच्या फ्लॅटमधून घणाचा आवाज सुरू झाला. आमच्या कपाटातल्या बश्या नाचायला लागल्या. डाबऱ्यांनी तेलाचं पिंप घरात आणलं होतं. तीस दिरहमला, म्हणजे तीनशे रुपयांना, असं वर मला कौतुकाने सांगितलं. माझी अर्धशिशी त्यांना ठाऊक होती. मी तडक खाली गेले आणि नातूरला, म्हणजे आमच्या केरळी वॉचमनला, कोयाला सांगितलं. कोया वर येऊन म्हणाला, "साब, कंप्लेंट है. ठोकना खलास." डाबऱ्यांनी पिंप शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये हलवलं आणि दर सुट्टीला तिकडे जाऊन ठोकायला लागले. या तक्रारीचा मला आजही पश्चात्ताप नाही. बश्या लग्नातल्या होत्या.

हे खूळ आत्ताच का, ते मला सँड्राने सांगितलं. सँड्रा ही डाबऱ्यांची पुतणी, दुबईत नर्स, काकासारखीच बोलकी. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा वसईचाच, शारजाला नोकरीला. दोघांना एकदम रजा मिळेना म्हणून लग्न इथल्या चर्चमध्ये करायचं ठरलं. तिचे वडील, पास्कूदादा, वसईतल्या एका बँडचे मास्तर. बँड आजोबांनी काढलेला. डाबरे त्यात क्लॅरिनेट वाजवायचे. आणि ऐन लग्नसराईत, एका मोठ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, बोटीचा कॉल आला तसे कोणाला न सांगता निघून गेले. गावासमोर बँड उघडा पडला. त्या दिवशी पास्कूदादा म्हणाले होते, "इनासच्या हातचा सूर पुन्हा माझ्या कानावर पडायला नको."

"तेव्हापासून बोलणं नाही," सँड्रा म्हणाली. "अंकल सुट्टीत वसईला येतात, मागच्या दाराने मम्मीला भेटतात आणि जातात. क्लॅरिनेटला हात लावलेला नाही त्यांनी. आंटी, डॅडी आले आणि हे दोघे असेच तोंड फिरवून उभे राहिले, तर मी लग्नाच्या फोटोत कोणाकडे बघू?"

वसईला त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवरून पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला अंघोळ घालतात. इथे विहीर नाही आणि बँडातल्या सगळ्यांना व्हिसा कोण देणार? विहीर म्हणून आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी ठरली. बँड म्हणून डाबऱ्यांचं पिंप. त्या पिंपात त्यांनी मोजकेच सूर बसवले होते, त्यांच्या वडिलांची पाणी आणायची चाल वाजण्यापुरते. एकच चाल, बाकी काही वाजणार नाही. दादा ऐकतील तर तीच ऐकतील, हा त्यांचा हिशोब.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात डाबरे शारजाहून आले आणि सरळ आमच्याकडे येऊन बसले. फ्रिजला टिचकी मारली नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

झालं होतं असं. त्या गॅरेजचा डेंटर फार भला माणूस. आयुष्यभर गाड्यांचे पोचे काढलेले. कोपऱ्यात डाबरेसाहेबांचं पिंप दिसलं, बूड पार खोल गेलेलं, त्यावर सगळीकडे उंचवटे. त्याला वाईट वाटलं. दुपारची जेवणाची सुट्टी सोडून त्याने ते ठोकून ठोकून सपाट केलं आणि वर पांढरा रंगही मारला. डाबरे गेल्यावर त्यांना अभिमानाने दाखवलं. "साब, एक भी डेंट नहीं छोड़ा. पैसा नहीं लूँगा, आप अपने आदमी हो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक्यू म्हटलं," डाबरे म्हणाले. "काय म्हणणार? त्याने चहाही पाजला."

मला हसू आवरेना, आणि त्यांचा चेहरा बघून हसवेना. महिनोन्महिन्यांचं काम पांढरंशुभ्र होऊन पडलं होतं. डाबरे म्हणाले, "रजा टाकलीय. दुसरं पिंप आणलंय. पण शारजाला जाण्यायेण्यात अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. वहिनी, गच्चीवर टाकीच्या मागे ठोकलं तर... "

मी कोयाकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, आवाज होगा तो कंप्लेंट आएगा."

"कौन करेगा?"

"आप."

"मैं नहीं करूँगी."

"तो फिर खलास," कोया म्हणाला. "और कोई करता ही नहीं."

मुलं शाळेत गेली की ठोकणं सुरू, ती परत आली की बंद, ही माझी अट. सूर पक्के बसायला पिंप आगीवर शेकवावं लागतं, तेवढ्यापुरतं ते शारजाला जाऊन आलं, बाकी सगळं आमच्या डोक्यावर. मी डोक्याला बाम चोळून पोळ्या लाटायचे आणि पाइपातून एकेक सूर स्वयंपाकघरात उतरायचा. डो लागला, मी लागला, सो लागला. ला काही केल्या लागेना. डाबरे खाली आले आणि माझा कुकर घेऊन गेले. खरा ला म्हणे तोच. मग वर एकदा कुकर वाजायचा, एकदा पिंप, आणि आम्ही आमटी पातेल्यात शिजवायचो. बुधवारी दुपारी दोन्ही आवाज एक झाले. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ते मला कळलं, इतका तो सूर माझ्या कपाळात बसला होता. डाबरे कुकर परत द्यायला आले ते डोळे पुसतच. म्हणाले, घाम आहे.

पास्कूदादा आले. बुटके, जाड मिशांचे, मोजकं बोलणारे. उतरले शारजाला एका नातेवाइकाकडे. गुरुवारी संध्याकाळी आम्ही बायका कळशा घेऊन जिन्याने गच्चीकडे निघालो. दादा पुढे होते, चेहरा ओढलेला. "बँडमास्तरच्या पोरीचं पाणी," ते पुटपुटले, "आणि वाजंत्री नाही. मयताला चाललोय असं वाटतं."

आणि वरून पिंप वाजायला लागलं. तेलाच्या पिंपातून असा आवाज निघतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. देवळातली घंटा खुशीत येऊन बोलायला लागावी तसा. दादा जागच्या जागी थांबले. चाल त्यांनी ओळखली, हात कोणाचा तेही ओळखलं, आणि ते खाली जायला वळले. पण जिना अरुंद, मागे मी, कडेवर कळशी. मी काही बाजूला होणाऱ्यातली नाही.

चाल पुढे गेली आणि मध्येच एका जागी सूर गळला. ठोका चुकून पायरी निसटावी तसं झालं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच जागी खड्डा. दादांच्या मानेची शीर ताठ झाली. तिसऱ्यांदा खड्डा आला तेव्हा ते दोन पायऱ्या चढून दारात गेले आणि ओरडले, "अरे इनास, ला कुठाय?"

डाबरे कपडे वाळत घालायच्या दांडीला पिंप टांगून उभे होते. हातात सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेल्या काड्या. मान वर न करता म्हणाले, "नाही लागला, दादा."

"बाच्या चालीला भोक पाडतोस?"

"मग तू दे."

दादांनी माझ्या हातातली कळशी ओढून घेतली, बोटातल्या अंगठीने दोन ठिकाणी ठोकून पाहिली, तिसऱ्या ठिकाणी त्यांना हवं ते मिळालं. "वाजव," ते म्हणाले. "आणि धावू नकोस. तुझी ती खोड गेली नाही अजून." चाल पुन्हा सुरू झाली. खड्डा आला आणि दादांनी टण्ण करून भरला. सँड्रा टाकीला टेकून रडत होती आणि हसत होती. मग दादा पायाने ताल द्यायला लागले, मग हाताने, मग सगळ्या गच्चीला हुकूम सोडायला लागले. कोया रिकामी बादली वाजवत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत नाचला. शेजारच्या बिल्डिंगांच्या गच्च्यांवर माणसं जमली. त्या एका चालीवर आम्ही टाकीचं पाणी सात मजले उतरवून आणलं आणि नवरीला घातलं. दुसऱ्या दिवशी हॉलवर तीच चाल, पुढे पास्कूदादा मास्तर, मागे इनास डाबरे, आणि ला भरायला दादांच्या हातात आमची कळशी. वसईत पूर्वी उघडा पडलेला बँड करामामध्ये पुन्हा उभा राहिला आणि टाळ्या थांबेनात.

लग्न आटोपल्यावर दादा समोरच्या फ्लॅटमध्येच राहायला आले. शनिवारी सकाळी डाबरे कळशी परत द्यायला आले तेव्हा मी त्यांना दारातच धरलं. "बुधवारी ला लागला होता. माझ्या कुकरला लावून तुम्हीच मला ऐकवलात. मग परवा गच्चीवर तो वाजवला का नाहीत?"

डाबरे कळशी पुसत राहिले. "बोटीवर लाँड्रीवाल्यांना उतरायला थोडाच वेळ मिळायचा," ते म्हणाले. "त्रिनिदादला एकदा एका कुंपणाबाहेर उभा राहिलो. आत पन्नास माणसं पिंपं वाजवत होती. मला वाटलं, गल्लीतून दादाचा बँड येतोय. बोट सुटायची वेळ झाली तरी पाय उचलेना. वहिनी, बेटावर पॅन कोणी एकटा वाजवत नाही."

मागून दादांचा आवाज आला, "इनास, कुठे मेलास? चहा निवतोय."

"आलो, दादा," म्हणत तो पन्नाशीचा माणूस कळशी माझ्या हातात कोंबून अनवाणीच पळाला.