नखांशी दोन हात

बायकोच्या नखांचा रंग शनिवारपर्यंत टिकवायची जबाबदारी आपली, असं पोपडेसाहेब चहा पिता पिता बोलून गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण न विचारता सल्ला देणं हा त्यांचा स्वभाव होता, आणि विचारल्यावर सल्ला देणं हा धंदा.

पोपडेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका रंगाच्या कंपनीत तक्रार विभाग सांभाळायचे. कुणाच्या भिंतीला पोपडे आले की फोन यांच्या टेबलावर वाजायचा. ग्राहकाचं सगळं ऐकून घ्यायचं, मनापासून हळहळायचं, आणि मग चूक रंगाची नसून भिंतीची कशी आहे हे गोड शब्दांत त्याच्या गळी उतरवायचं, हे त्यांचं काम. ऑफिसनं ठेवलेलं नाव एकदा फोनवरून घरात शिरलं आणि तिथंच राहिलं. रागावल्यावर त्यांची सख्खी आईसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारी.

बायको दागिन्यांच्या दुकानात अंगठ्यांच्या काउंटरवर होती. दुकानाचं नवीन पोस्टर निघायचं होतं. आजवर पोस्टरवर हात असायचा तो काउंटरवरच्या सीनियर बाईंचा. यंदा मालकांनी हिचा हात निवडला होता. ही गोष्ट तिनं फारशी कुणाला सांगितली नव्हती. फक्त माहेरी, दोन्ही नणंदांना, बिल्डिंगमधल्या बायकांना आणि लिफ्टमध्ये जे जे भेटले त्यांना. शनिवारी सकाळी फोटो. त्यासाठी ती पार्लरमध्ये जाऊन नखांना वाइन कलर लावून आली होती. पण तिच्या बोटांवर नेलपॉलिश दुसरा दिवस बघत नाही, हा जुना अनुभव होता.

"पार्लरवाली म्हणाली, पाण्यात हात घालू नका," बायको म्हणाली. "जमणारे का या घरात?"

"रंग का सुटतो, सांगू?"

"नको."

"ओल, तेल आणि उघडी कड," पोपडेसाहेबांनी सांगितलंच. "भिंत असो, दार असो, नाहीतर नख. पृष्ठभाग तेलकट असला की रंग धरत नाही. थर जाड असला की तडकतो. आणि कड बंद केली नाही की तिथून पाणी आत शिरतं. दाखव बघू."

"अहो, ही नखं आहेत. गच्चीची भिंत नव्हे."

"तत्त्व एकच."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग आणलं आणि बायकोची बोटं एकेक करून उजेडात धरली. (लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण तिचा हात इतक्या प्रेमानं त्यांनी कधी हातात घेतला नव्हता.)

"हे बघ. टोकाची कड उघडी आहे. तुझ्या पार्लरवालीनं समोरून रंगवलंय, कडेवरून खाली वळवलेलंच नाही. इथं पारदर्शक कोटचा एक पातळ हात मारायला हवा. मी मारतो."

बायकोनं हात पाठीमागे नेले. "माझ्या नखांना हात लावायचा नाही. एवढं येतं तर आधी स्वतःच्या नखांवर करून दाखवा."

हे आव्हान होतं. आणि आव्हान आलं की पोपडेसाहेब मागचापुढचा विचार करत नसत. त्यांनी डावा हात भांड्यांच्या साबणानं धुतला, कोरडा केला, नखांवरून रिमूव्हरचा बोळा फिरवून तेलाचा अंश घालवला. मग बेस कोट. मग बायकोनं जपून ठेवलेल्या वाइन कलरच्या बाटलीतले दोन पातळ हात, मध्ये वाळायला भरपूर वेळ देऊन. वरून चकाकीचा कोट, प्रत्येक टोकावरून खाली वळवलेला. जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली मान घालून बसलेल्या मुलाकडे आईनं टीव्हीवरची नजर काढून पाहिलं.

"काय करतोयस रे?"

"सँपल."

आईनं पुढं काही विचारलं नाही. आवाज मात्र वाढवला, टीव्हीचा.

काम मात्र फर्मास झालं होतं. पाचही नखं काचेसारखी. बायकोनं निरखून बघितलं आणि एकही खोट काढली नाही, म्हणजे कौतुकच. खूश होऊन पोपडेसाहेब रंग पुसायला रिमूव्हरची बाटली घ्यायला वळले, आणि ओली नखं कुठं लागू नयेत म्हणून वर धरलेल्या डाव्या हाताचं कोपर बाटलीला लागलं. बाटली आडवी झाली. सगळं रिमूव्हर टेबलावर. टेबलाचं पॉलिश डोळ्यांदेखत सुरकुतलं आणि मधोमध पांढरा डाग उमटला.

"निघाला हो रंग," आई खुर्चीतून म्हणाली. "टेबलाचा."

घरात दुसरी बाटली नव्हती. सकाळी पोपडेसाहेब डाव्या हाताला बँडेज गुंडाळून ऑफिसला गेले.

"भाजलं," असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब कनवाळू होते. त्यांनी खुर्ची ओढून दिली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात एक उंच, धिप्पाड बाई आत आल्या आणि त्यांनी हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. पिशवीतून पोपडे पडले. फिकट निळे, तळहाताएवढे, चांगला ढीगभर.

"ही माझी बैठकीची खोली," बाई म्हणाल्या. "उरलेली भिंतीवर आहे. ती उद्यापर्यंत पडेल."

पोपडेसाहेबांनी हळहळायला सुरुवात केली. "भिंतीला ओल असणार, बाई. त्याचं असं आहे..."

पण बाईंचं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. "हे बँडेज कुणी बांधलं?"

"मीच."

"बोटं काळी पडतील. आणा इकडे. मी नर्स आहे."

"नको, नको, ठीक आहे."

"घाबरताय काय लहान मुलासारखे?" असं म्हणून बाईंनी मनगट धरलं. ते सुटण्यातलं नव्हतं. त्यांनी सफाईनं बँडेज उलगडलं आणि शेवटची पट्टी सुटली तशी पाच वाइन कलरची नखं ट्यूबलाइटखाली चमकली.

ऑफिसमधली टायपिंगची खडखड थांबली. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

बाईंनी एका नखावर आपलं नख घासून पाहिलं. पुन्हा घासलं. मग पोपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"यांच्या नखांचा रंग निघत नाही," त्या साहेबांना म्हणाल्या, "आणि माझ्या भिंतीचा निघतो. हे काय गौडबंगाल आहे?"

"टिकाऊपणाची चाचणी," पोपडेसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "नव्या रंगाची. म्हणजे, लोकांच्या भिंतीवर लावण्याआधी..."

"स्वतःच्या अंगावर!" साहेबांचा आवाज दाटून आला. (त्यांना गहिवरायला फारसं काही लागत नसे.) "बघा, बाई. आमची माणसं ही अशी आहेत."

बाईंना फुकटात भिंत पुन्हा रंगवून द्यायचं ठरलं. त्या गेल्यावर साहेबांनी पोपडेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हा रंग काढायचा नाही. सोमवारी मी स्वतः बघणार, किती टिकला ते."

घरी हे ऐकून बायको इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं नखं सांभाळून, मनगटानं पुसलं. आता तिची पुरती खात्री पटली होती. तिनं आपले दोन्ही हात नवऱ्याच्या स्वाधीन केले. पोपडेसाहेबांनी कडा बंद केल्या आणि नियम घालून दिले. डबा उघडायचा नाही. पर्सची चेन ओढायची नाही. दिव्याचं बटण पेरानं दाबायचं. पाणी म्हणजे फक्त प्यायचं.

"मग भांडी?"

"मी आहे ना."

भांडी घासायचे रबरी हातमोजे बायकोच्या मापाचे होते. पोपडेसाहेबांच्या अंगठ्यापुढं ते जाईनात. तेव्हा उघड्या हातांनी घासणं आलं. भांडी झाल्यावर लसूण सोलणं, त्यानंतर कॉलर घासणं. बायको दारात उशीवर हात ठेवून बसायची आणि हनुवटीनं दाखवायची.

"त्या पातेल्याची कड राहिली. कड महत्त्वाची ना?"

"अरे, माझ्या गोळ्यांचं पाकीट फोडून दे," आई आतून म्हणायची. "मलाही नखं आहेत."

पण गंमत अशी, की एवढं घासून, खरवडून पोपडेसाहेबांच्या डाव्या हाताच्या नखांवरून रंगाचा एक टवका उडाला नाही. दर पातेल्यानंतर ते हात दिव्याकडे धरून बघत आणि मनातल्या मनात फुगत. त्या फुगण्यातच घात झाला. शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर त्यांना वाटलं, उद्या फोटो आहे, आणखी एक हात मारून टाकू. आणि जो माणूस आयुष्यभर लोकांना "पातळ थर, पातळ थर" म्हणून सांगत आला, त्यानं बायकोच्या दहाही नखांवर तो कोट सढळ हातानं ओतला. वर झोपेत कुठं घासायला नको म्हणून सुती हातमोजे चढवले.

"वाळलं का पण नीट?" बायकोनं विचारलं.

पोपडेसाहेबांनी एका नखाला बोट लावून पाहिलं. "वाळलं."

(वरून वाळलं म्हणजे आतून वाळलं असं नव्हे, हे वाक्य ते फोनवर रोज कुणाला ना कुणाला ऐकवत.)

सकाळी हातमोजे निघेनात. ओढून काढले तेव्हा दोन नखांचा रंग मोज्याबरोबर गेला आणि उरलेल्या आठांवर सुताची वीण उमटलेली होती, बारीक बारीक चौकटी, मधूनमधून कापूस. पोपडेसाहेब आरडाओरड्याची वाट बघत उभे राहिले.

बायको ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

"माझ्या आईला सांगितलं होतं हो मी," ती म्हणाली. "ती दुकानात येऊन बघणार होती पोस्टर."

एवढंच. पोपडेसाहेबांना वाटलं, त्यापेक्षा तिनं पातेलं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यांनीच घासलेलं होतं, स्वच्छ होतं. इतक्या लोकांच्या भिंतींसाठी हळहळून झालं होतं. आज पहिल्यांदा त्यांना खरोखर वाईट वाटलं.

पार्लर उघडायला अवकाश होता. मालकांना खरं काय ते सांगून टाकू, असं म्हणून बायको निघाली. पोपडेसाहेब तिची पर्स धरून मागोमाग.

दुकानात दिवे लावून, कॅमेरा मांडून फोटोग्राफर तयार होता. त्यानं बायकोची बोटं पाहिली. "हे काय? गोणपाट?"

"आता सीनियर बाईंना बोलवावं तर त्या रजेवर," मालक कपाळाला हात लावून म्हणाले.

"चूक माझी आहे," पोपडेसाहेब पुढं झाले आणि डावा हात छातीवर ठेवून म्हणाले, "तिला बोल लावू नका. सगळं मी केलं."

फोटोग्राफरनं त्यांचं बोलणं ऐकलंच नाही. त्यानं तो हात मनगटाला धरून दिव्याखाली नेला. "हा रंग कुणी लावला? काय बसलाय! कडसुद्धा बंद केलीय!"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कडेची दखल घेतली होती. पोपडेसाहेबांनी हात आणखी पुढं केला.

"अहो, पण ते पुरुष आहेत," मालक म्हणाले.

"मनगटाच्या वर कुठं घ्यायचंय? बोटांवरचे केस तेवढे काढा."

ते काम बायकोनं आनंदानं अंगावर घेतलं. काउंटरवरच्या मुलीकडे वॅक्सच्या पट्ट्या निघाल्या. पट्टी चिकटवायची, गोड हसायचं आणि खस्सकन ओढायची. गेल्या काही तासांतलं बरंच काही तिनं त्या पट्ट्यांबरोबर काढलं.

"ओरडू नका. हात हलतो."

अंगठी पेराशी अडली. फोटोग्राफरनं हात जरा तिरका करायला लावला, तरी बोट मुसळासारखंच दिसत होतं. शेवटी बायकोच पुढं झाली. अंगठी घातलेला हात कसा ठेवायचा हे त्या दुकानात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मनगट सैल सोडा. हं. पातेलं धरल्यासारखं नको. करंगळी जरा... लाजल्यासारखी करा."

"करंगळी कशी लाजणार?"

"तुम्ही लाजा, ती लाजेल आपोआप."

ते लाजले. करंगळी वळली. बायकोला हसू फुटलं, मग मालकांना, आणि त्या हसण्यात फोटो निघाला. निघाल्या निघाल्या बायकोनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"एक लक्षात ठेवा. पोस्टरवरचा हात माझा. आज, उद्या, कायमचा. कुणापाशी बोललात तर बघा."

पोपडेसाहेबांनी शपथ घेतली, त्याच हातानं.

पोस्टर लागलं. सासूबाई दुकानात येऊन त्याच्यासमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. "हिचे हात लहानपणापासून असेच," त्या जावयाला म्हणाल्या. "लोण्यासारखे. जपा हो." जावयांनी जपण्याचं कबूल केलं.

सोमवारी साहेबांनी ठरल्याप्रमाणे चाचणीचा हात पाहिला. वॅक्समुळं बोटांवर लाल पुरळ उठलं होतं. साहेबांनी नाक मुरडून "हं" केलं आणि रंग काढून टाकायला परवानगी दिली.

पुढं काही दिवसांनी त्यांनी पोपडेसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं. समोर वर्तमानपत्र उघडं होतं. त्यात दागिन्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात होती.

"हे बघा," साहेब जाहिरातीवर बोट ठेवून हळुवारपणे म्हणाले. "याला म्हणतात फिनिश. कड पाहिलीत? आणि त्या बाईंची करंगळी बघा, किती शालीन! घराणं कळतं हो माणसाचं, हातावरून."

पोपडेसाहेबांनी तोंड उघडलं. शपथ आठवली. मिटलं.

"आता राग मानू नका," साहेब जाहिरात कात्रीनं कापत म्हणाले, "तुमची मेहनत मी नाकारत नाही. पण मुळात हातच राठ, त्यावर रंग काय शोभणार? हे घ्या, टेबलासमोर लावा. आणि रोज बघत चला."