लग्न झालेल्यांची पँट

माधवमामाकडे पँट शिवायला टाकायची तर ते कमरेच्या मापाआधी लग्नाचं विचारतात. "झालं?" एवढंच. झालं नसेल तर तुम्ही म्हणाल तशी, पायाला चिकटलेली, खाली बसताच शिवण बोंबलेल अशीसुद्धा पँट मिळते. झालं असेल आणि घरात लेकरू असेल, तरीही तुमची मर्जी. पण लग्न झालंय आणि पाळणा हललेला नाही, असं गिऱ्हाईक आलं की मामा कापड ताब्यात घेतात आणि म्हणतात, "ढिल्ली शिवतो. हवा लागली पायजे." यावर कोणाची दरखास्त चालत नाही.

आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीला लागून मामांचं दुकान आहे. आत दोन मशिनी. एकीवर मामा, दुसरीवर द्वारकामामी. मामी ब्लाउज शिवतात आणि बोलत नाहीत, मामा दोघांच्या वाटचं बोलतात. मी जवळच्याच गावात शाळेत शिकवतो, म्हणून मामा मला 'सार' म्हणतात आणि माझी पँट वेळेवर देतात. माझी दोन्ही मुलं कॉलेजात आहेत, त्यामुळे माझ्या पँटीत त्यांना काही रस नाही.

मामांचं शास्त्र साधं आहे. बापाच्या अंगाला कमरेखाली थंडावा पाहिजे, बाकी सगळं मागून येतं. जगातले सगळे टेलर मांडीचं माप घेताना टेपच्या आत एक बोट घालतात, तेवढं कापड सैल राहतं. मामा अख्खी मूठ घालतात. पुढचे खिसे ते इतके उथळ शिवतात की त्यात मोबाईल उभा राहत नाही. कोणी तक्रार केली तर म्हणतात, "मोबाईल सदऱ्याच्या खिशात ठेव गा. तिथं नुसतं काळीज हाये." खर्र्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पुडीसाठी आतून चोरखिसा लावून मागणाऱ्याला तर ते सरळ दुकानाबाहेर काढतात. "पुडी सोड, मंग खिसा माग." पुडी सोडल्यावर खिसा कशाला लागेल, हे विचारायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

आमच्याकडे थंडी कडक. माणसं पहाटे कढत पाण्याच्या घंगाळात पाय सोडून बसतात. मामांना हे कळलं की ते भर दुकानात विचारतात, "काय शिजवून राह्यला बापू?" झोप, चालणं, घरचं जेवण यांची चौकशी होते. मग आवाज थोडा खाली आणून दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांचा विषय निघतो. "त्या दिवसात बाहेरगावचं भाडं घेऊ नको. घरी राह्य. भांडू नको." हे सगळं ते टेप गिऱ्हाइकाच्या मांडीला गुंडाळलेली असताना सांगतात, त्यामुळे गिऱ्हाईक पळूही शकत नाही.

मी एकदा आदिलाबादच्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, की आमचा टेलर असं असं सांगतो. ते हसले आणि म्हणाले, "फार चुकीचं नाही सांगत. पण नुसत्या शिलाईवर राहू नका म्हणावं. वर्ष उलटलं तर दोघांनी तपासून घ्यावं. दोघांनी." मी हे मामांना येऊन सांगितलं. मामा सुईत दोरा ओवत होते. "मी त हेच सांगून राह्यलो ना सार," ते म्हणाले. "पण दोघं म्हटलं की लोकायले एकच ऐकू येते."

आता यातली गंमत गावाला पाठ आहे, ती तुम्हालाही सांगतो. मामांना स्वतःला मूल नाही. दोघांचे केस पिकले, पाळणा हललाच नाही. आणि मामा स्वतः घालतात तो पायजमा म्हणजे त्यांच्या शास्त्राची जाहिरातच आहे. त्यात आणखी एक माधवमामा आरामात मावतील. वारा सुटला की ते टपरीपर्यंत चालत जात नाहीत, ढकलले जातात. टपरीवरची मंडळी म्हणतात, एवढी हवा खाऊन काय झालं मामा? मामा चहा पितात आणि हसतात. पण ती थट्टा त्यांच्या पायजम्यापुरतीच. खरा शब्द गावाने मामींसाठी ठेवला होता, आणि तो त्यांच्या पाठीमागे सर्रास वापरला जाई. कोणाच्या घरी ओटी भरायची असली की सगळ्या बायकांना बोलावणं जायचं, मामींकडे फक्त ब्लाउज शिवायला यायचे.

आता माझ्या बहिणीची ओळख करून द्यायला हवी. शेवंताअक्का माझ्यापेक्षा मोठी आहे आणि ते ती विसरू देत नाही. तिचा मुलगा विलास लारी चालवतो. दिवसभर इंजिनाच्या उबेत बसायचं, अंगाला जीन्स आवळलेली, गालात खर्रा. मामांच्या शास्त्रात जे जे वर्ज्य आहे ते सगळं या एका पोरात सापडेल. त्याची बायको सुनीता. शांत, कामसू, हसरी होती. लग्नाला वर्षं होत गेली तसं हसणं कमी होत गेलं.

अक्काने उपाय करण्यात कसूर ठेवली नाही. सुनीताला पाले खाऊ घातले, मुळ्या उगाळून पाजल्या, उपास धरायला लावले. शेवटी कुठल्याशा बाबांनी एक व्रत दिलं. त्यात नवरा-बायकोने शिवरात्रीपर्यंत वेगवेगळ्या खोलीत झोपायचं होतं. अक्काने विलासची खाट ओसरीवर काढली आणि दोघांच्या मधल्या खोलीत स्वतः पहारा दिला. मी म्हटलं, "अक्का, अशानं नातू कसा होईन?" ती म्हणाली, "तू शाळा शिकव. हे धर्माचं काम हाये." नातवाला पाटी-पेन्सिल धरायला बासरच्या सरस्वतीला न्यायचा नवसही ती बोलून बसली होती. नातवाच्या आईबापांची गाठ पडू द्यायची तेवढी राहिली होती.

शिवरात्र होऊन गेली, विलासची खाट ओसरीवरच राहिली. नातवाची चाहूल नाही म्हटल्यावर अक्काने बेज्जूरकडची एक पोरगी शोधली. दुसरं लग्न. पाहायला जायचा दिवस ठरला, आणि विलासला नवे कपडे हवेत म्हणून एका सकाळी अक्का मला, विलासला आणि सुनीताला घेऊन माधवमामांच्या दुकानात आली. हो, सुनीतालाही. कापडाची पिशवी तिच्याच हातात होती. रंग तिच्याकडूनच निवडून घेतला होता. मला त्या दिवशी माझ्या बहिणीचा फार राग आला.

मामांनी सवयीने विचारलं, "झालं?"

"झालं," अक्का म्हणाली. "पुन्हा करायचं हाये."

मामांनी सुनीताकडे पाहिलं. ती मामींच्या मशिनीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मामांनी टेप हातात घेतली आणि तशीच ठेवली.

"विलासची तपासणी केली का शेवंताबाई?"

"त्याले काय धाड भरली? लारी चालवते. एकटा दोन दोन पोते उचलते."

"पोते उचलाले वेगळी ताकद लागते बाई."

टपरीवरून कोणी तरी हसलं. अक्का त्यामुळे जास्तच चिडली. "माधवभाऊ, तुमी नका शिकवू. जमीनच खडकाळ असन त पेरणारा काय करन? तुमच्या घरी पाह्यलं ना आमी. तुमी दुसरी केली नाई, हे तुमचं चांगुलपण. सगळ्यायले कसं जमन?"

मामींची मशीन चालूच राहिली. त्यांनी मानही वर केली नाही. असं कितीदा ऐकलं असेल त्यांनी, कोण जाणे.

मामांनी कात्री खाली ठेवली. एरवी ते टपरीवर ऐकू जाईल असं बोलतात. आज बोलले ते जरा घोगऱ्या आवाजात, पण टपरीवर गेलंच.

"शेवंताबाई, दोष हिच्यात नव्हता. माझ्यात होता. आमी हैदराबादले जाऊन दोघांनी तपासलं होतं. हिचं सगळं चांगलं निघालं. मीच नापास."

मशीन थांबली.

"हिनंच मले सांगतलं, कोणाले बोलू नका म्हणून. म्हणे, तुमी बाजारात बसता, लोक टिकू देणार नाईत. मले त बोलतेतच, अजून थोडं बोलतीन. आणि शेवंताबाई, तुमी बोलल्या. सगळे बोलले. मी इथं बसून ऐकलं. खडकाळ मी होतो बाई, आणि नाव हिचं झालं."

टपरीवर चहा ओतायचा थांबला होता. मामींनी मान वर केली. त्या इतक्या लोकांत बोलल्या, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"काऊन सांगतलं हो तुमी?" त्या म्हणाल्या. त्यांना खरोखर राग आला होता. इतकी वर्षं जपून ठेवलेली वस्तू कोणी न विचारता रस्त्यावर ठेवली, असा तो राग होता. सुनीता स्टुलावरून सरकली आणि तिने मामींचा हात धरला.

विलास इतका वेळ गप्प होता, कारण त्याचं तोंड खर्र्याने भरलेलं होतं. तो बाहेर गेला, गटारीपाशी थुंकला, टपरीवरच्या मडक्यातलं पाणी घेऊन चूळ भरली आणि परत आला. "मी तपासून घेतो," तो म्हणाला. "मी आणि सुनीता, दोघं जातो. बेज्जूरले मी येत नाई माय."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी मामांना म्हटलं, "मामा, ढिल्ली शिवा."

बेज्जूरचं तिथेच मिटलं. विलासची खाट ओसरीवरून आत गेली आणि अक्काची खाट मधल्या खोलीतून ओसरीवर आली. तपासणीत काय निघालं, गोड बातमी आहे की नाही, हे तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. मी सांगणार नाही. मामांच्या दुकानात हा प्रश्न विचारणाऱ्याचं कापड आता न शिवता परत देतात. सुनीता पुन्हा हसायला लागली आहे, एवढं पुरे.

मामांची टिंगल काही दिवस जोरात चालली. शास्त्र सांगणारा स्वतः नापास, म्हणून टपरीला चांगला विषय मिळाला. मामा सकाळी दुकान उघडत, चहा पीत, हसत. लग्न झालेले आणि मूल नसलेले लोक मात्र पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले, आणि टेप गुंडाळायच्या आधीच खरं बोलू लागले. काहींच्या बायकाही येऊन मामींजवळ बसू लागल्या.

नंतर एका दुपारी मी माझी पँट आणायला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामा दोन्ही हात वर करून उभे होते आणि मामी त्यांचं माप घेत होत्या.

"पँट शिवून राह्यली माझ्यासाठी," मामा म्हणाले. "फिटिंगची."

मला हसू आलं. "मामा, तुम्ही आणि फिटिंग?"

मामींनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मामाच सांगायला लागले. हैदराबादच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, की आशा जवळपास नाहीच. तरी उष्णता टाळा, सैल कपडे घाला, बघा. घरी येताच मामींनी पहिला ढिल्ला पायजमा शिवला. मग दर दिवाळीला एक नवा. आदल्यापेक्षा थोडा जास्त ढिल्ला.

"मले माहीत होतं सार, काही होणार नाई. तिलेही माहीत असन. पण ती शिवे. मंग मी कसा नाई म्हणू? घालत गेलो. केस पिकले तरी घालत गेलो."

"आता सगळ्यायले माहीत झालं," मामी कमरेची टेप सोडत म्हणाल्या. "आता कशाले ढिल्ला? चांगली पँट घालून चहाले जात जा. लोक हसतेत."

त्या खाली बसल्या आणि मांडीला टेप गुंडाळली. अगदी बेताची, अंगासरशी. मामा माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "द्वारका, थोडी सैल ठेव ना."

मामींचा हात थांबला. डोळे पुसायचे तर टेप सोडावी लागली असती, म्हणून त्यांनी ते तसेच ओले राहू दिले. मग टेपच्या आत हळूच एक बोट सरकवलं.

"एकच बोट," त्या म्हणाल्या.