शेंड्याची पश्चिम

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी मी पश्चिम दिशा हरलो.

हरणं मला नवीन नाही. किल्ले, घोडे आणि धान्याचा ‘तटबंदी’ नावाचा पटावरचा खेळ आम्ही चौघं दर शनिवारी दुपारी खेळतो. मी, माझा शाळेपासूनचा मित्र निशिकांत शेंडे, फळांचे व्यापारी यासीनभाई बागवान आणि निवृत्त शिक्षिका हेमाताई कानिटकर. पहिला येईल त्याने शेवटच्याची एक दिशा घ्यायची. गेलेली दिशा परत हवी असेल तर पुन्हा पटावर जिंकायची. माझी उत्तर मागे बरेच दिवस यासीनभाईंकडे पडून होती. म्हटलं, असू दे, उत्तरेला माझं आहे कोण?

या वेळी मात्र घोळ झाला. आजवर आम्ही सांगलीच्या गावभागात, माझ्याच घरी बसायचो. शेंड्याने विश्रामबागेत नवा फ्लॅट घेतला, म्हणून हौसेने तिकडे गेलो. विश्रामबाग गावभागाच्या पूर्वेला आहे, हे चार शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. हेमाताईंनी पश्चिम मागितली, मी ‘घ्या’ म्हणालो, आणि निघायला उठलो तर दाराकडे पाऊलच पडेना. दार पश्चिमेला. घर पश्चिमेला. आणि घरी माझी बायको शैला, आदल्याच दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. तिच्या डोळ्यात थेंब मी घालायचे. स्वतः घालायला गेली की ती डोळा गच्च मिटते. औषधाच्या वेळेला येतो, असं सांगून मी निघालो होतो.

यासीनभाईंनी सुचवलं, पूर्वेकडूनच जावं. पृथ्वी गोल आहे, गावभाग कधीतरी लागेलच. सूचना चुकीची नव्हती, पण माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती. तो विषय तिथेच मिटला.

पुढच्या वेळी हेमाताईंनी जरा ढिलं खेळावं, असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मीच उठून गेलो असतो, अर्थात पूर्वेला. आमच्यात ढिलं खेळणं म्हणजे समोरच्याचा अपमान. हेमाताईंनी फक्त थेंबांच्या वेळा विचारल्या, पर्स उचलली आणि माझ्या घरी गेल्या. आता त्यांच्याकडे दोन पश्चिमा, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या आमचं घर ओलांडून थेट कृष्णेच्या घाटावर पोचल्या आणि तिथून मागे फिरल्या. पण औषध वेळेवर पडलं. त्या दिवशी आणि पुढेही. यासीनभाई शैलाला डबा पोचवत आणि येताना मला पपई सोलून आणत. सांगायला लाज कसली, मला रडू यायचं.

शेंड्याने आणि सुमतीवहिनींनी त्यांची बेडरूम मला दिली आणि स्वतः हॉलमध्ये गाद्या टाकल्या. तिथे बरा होतो मी. पण बुधवारी शैलाचा फोन आला. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायची मला खोड. मला येरच मिळाली, झारा नाही; पूर्वेला पडलेलं पाऊल परत फिरेना. बोलणं संपेपर्यंत मी गॅलरीत कठड्याला लागलो होतो. शेंड्याने माझी खाट बाहेर आणली. बाथरूमचं एक दार गॅलरीत, उत्तरेला उघडतं, ही त्या बिल्डरची कृपा. आता पुढे होती ती फक्त तिसऱ्या मजल्यावरची हवा.

तेव्हापासून शेंडे रोज सकाळी पट घेऊन येऊ लागला. माझा हात पश्चिमेला जात होता, मी जात नव्हतो, त्यामुळे खेळायला अडचण नव्हती. माझं काय चुकतं ते त्याने तोंडावर सांगितलं. म्हणाला, लग्नघरासारखं धान्य भरून ठेवतोस आणि घोडे घेत नाहीस. त्याने माझ्याकडून घोडे घेववले. कुठे घुसायचं, कधी थांबायचं, सगळं घोटून घेतलं. शाळेतही गणित असंच त्यानेच शिकवलं होतं, पण तेव्हा मी आभार मानले नव्हते.

शनिवारी टेबल गॅलरीत मांडलं. हेमाताईंनी पापणी न लववता माझे दोन किल्ले घेतले. शैलाच्या डोळ्यात थेंब घालून त्या थेट इथे आल्या होत्या, तरी दयामाया नाही. मला बरंच वाटलं. मी घोडे घेतले. वाटेत सगळ्यात कच्चा किल्ला शेंड्याचा होता. तो घेतला, मग त्याचं कोठार घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पहिला आलो. शेंडे शेवटचा आला.

मला पश्चिम शेंड्याकडूनच घ्यावी लागणार होती, आणि शेंडे स्वतःच्याच घराच्या गॅलरीत बसला होता. हॉल, स्वयंपाकघर, जिना, सगळं त्याच्या पश्चिमेला.

“दुसरी एखादी घेतो,” मी म्हणालो.

“दक्षिण घेऊन घरी पोचशील?” शेंडे सोंगट्या डब्यात भरत होता. “मुकुंदा, माझी बायको इथे आत आहे. तुझी तिकडे आहे. घे आणि नीघ, थेंबांची वेळ होईल.”

मी घेतली. उंबऱ्यावर पाय पडला आणि चक्क आत गेला.

शैला खिडकीशी काळा चष्मा लावून बसली होती. मी हात धुतले, थेंब घातले. ती म्हणाली, हेमाताईंचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे. मी म्हटलं, आहेच.

माझी पश्चिम अजून हेमाताईंकडे आहे. मी वापरतो ती शेंड्याची. जरा संथ चालते, त्याच्यासारखीच, कोपऱ्याकोपऱ्यावर कोणाकोणाची चौकशी करत, पण घरी आणून सोडते. रोज सकाळी शैलाचे थेंब घातले की मी डबा आणि पट घेऊन पूर्वेला निघतो. शेंडे गॅलरीतल्या खाटेवर वाट बघत असतो. मला हरवायचं कसं, ते त्याला शिकवायचं आहे.