बिडकर सरांचा डोंगर

आमच्या नेरे गावातले बिडकर सर लवंग तेल कधी हुंगून घेत नसत. बाटली हातात पडली की थेंबभर तेल स्पिरिटात ढवळत, त्यात पेन्सिलीचं शिसं बुडवत आणि वीज सोडत!

सर माझ्या शेजारच्या भाड्याच्या खोलीत राहायचे. लातूरकडे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मुलगा जवळच्या हिंजवडीत नोकरीला म्हणून इकडे आले; तो परदेशी गेला, सर इथेच राहिले, सोबतीला कॉलेजने मोडीत काढलेलं हे वीज सोडायचं यंत्र. तेलात लवंगेचा अस्सल अर्क असला की यंत्राची लेखणी कागदावर उंच चढून उतरायची. तो ‘डोंगर’. चढ कमी पडला तर ‘टेकाड’, म्हणजे भेसळ. रेघ सपाट गेली तर ‘माळ’, मग दुकानदाराचं काही खरं नाही. आमचा वाणी तर सर दिसले की शटरच ओढायचा.

एकदा घरमालकीण हिराबाई गाल धरून आल्या.

“सर, दाढ लई ठणकतीया. लवंगेचं त्याल द्या वाईच.”

“थांबा. आधी डोंगर बघू.”

“डोंगर? हितं चहूकडं काय कमी हायेत व्हय?”

सर शांतपणे शिसं घासत बसले. हिराबाईंनी बाटली हिसकावली, बोळा दाढेखाली धरला आणि तशाच बोबड्या तोंडाने सरांचा उद्धार केला.

“अहो सर, नुसतं हुंगून कळत नाही का?” मी नंतर विचारलं.

“नाक गेलंय माझं,” सर म्हणाले. “प्रयोगशाळेतल्या वायूने.”



पुढे एका रविवारी त्यांनी ट्रंकेतून एक बाटली काढली. बायको घरी करायची ते डोक्याचं तेल, खोबरेलात लवंग तेल घातलेलं. ती गेल्यापासून जपलेलं.

“तिचा वास टिकलाय का, एवढंच बघायचंय.”

लेखणी हललीच नाही. सरांनी शिसं पुन्हा घासलं, पुन्हा बुडवलं. तीच सपाट रेघ. पण ‘माळ’ काही त्यांच्या तोंडून निघेना.

दूध द्यायला आलेल्या हिराबाईंनी सरांचा चेहरा पाहिला आणि बाटली उचलून नाकाला लावली.

“लई येतोय की वास! लवंगच हाय.”

“नक्की?”

“मग काय खोटं बोलतीया व्हय मी?”

सरांनी बाटली माझ्यापुढे धरली. खवट खोबरेल, दुसरं काही नाही.

“येतोय सर,” मी म्हणालो.

सरांनी यंत्र बंद केलं. तळहातावर थोडं तेल घेतलं आणि डोक्याला लावत बसले.