नंदूभाऊंची बटनं

शेजारीपाजारी वाटी मागतात ती साखरेसाठी. आमच्या शेजारचे नंदूभाऊ मागायचे कॉम्प्युटरसाठी. वाटी उपडी करून स्क्रीनवर धरायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "लहान पडते. वहिनी, आमटीची नाही का?"

भाऊ सातपूरला कंपनीत होते. सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं, मंदाताईंचं कटलरीचं दुकान. क्लास लावून भाऊंनी बिलांचा प्रोग्राम स्वतः बनवला आणि मग त्याचं रूप बदलायचं वेडच लागलं. राखाडी रंग त्यांना सुतकी वाटायचा. या आठवड्यात स्क्रीन पोपटी, तर पुढच्या आठवड्यात राणी कलर! "बटन दिसलं पाहिजे, शोधायला नको," हे येताजाता. 'बिल करा' हे बटन आधी टिकलीएवढं होतं, मग पुरीएवढं झालं, मग भाकरीएवढं. 'पुसा' मात्र कोपऱ्यात, मोहरीएवढं.

आमचे हे म्हणाले, "भाऊ, आता परातच आणा!"

"आणली होती. मावत नाही," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

आम्ही हसायचो. पण त्या वर्षी मंदाताईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. माउसचा बाण भलतीकडे जायचा, झालेलं बिल पुसलं जायचं. एक बाई तोंडावर म्हणाली, "मावशी, जमत नसेल तर एखादी मुलगी ठेवा ना." मंदाताई मला म्हणाल्या, "आता कुणी माझ्या हाताला हसलं ना, की मी उठले. दुकान बंद." त्या दुकानाशिवाय त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

एका रविवारी मी रीळ आणायला गेले. दुकानात गर्दी. मंदाताईंनी माउस धरला आणि बाण माशीसारखा भिरभिरायला लागला. तेवढ्यात भाऊ दोन रिबिनी घेऊन स्टुलावर चढले.

"अहो, इकडे बघा सगळ्यांनी! स्क्रीनला कुठला रंग देऊ? खरं सांगा!"

"काका, आधी आमचं बिल द्या!"

"बिल होईल हो. जांभळा की केशरी?"

सगळ्या माना वर. कुणी जांभळा म्हणालं, कुणी कपाळाला हात लावला. मागे प्रिंटर करकरला. भाऊंनी वाक्य अर्ध्यावर टाकलं आणि स्टुलावरून उतरले.

"मंदाताई, कसं हो सांभाळता यांना?" एक बाई म्हणाली. बायका खो खो हसल्या. मंदाताईही हसल्या, बिल फाडून त्यांनी पुढे केलं आणि विचारलं, "हं, पुढे कोण?"